इंद्रियांचे शिक्षण

वैशाखातील उन्हातून येऊन गाभाऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या मनुष्यास प्रथम काहीच दिसत नाही. समई तेवत असते, मूर्ती जागच्या जागी असते, पुजारी आत वावरत असतो. पण पाहणाऱ्यापुढे सारा काळोख आणि त्यात एक पिवळा ठिपका. एखादी आजी अशा वेळी "आज देवाने दर्शन दिले नाही ग बाई" असे पुटपुटत पुढे सरकते. आम्ही पुजाऱ्याच्या घरी जन्मलो, त्यामुळे हा प्रसंग आतल्या बाजूने पाहण्याचा योग आम्हांस लहानपणापासून आला. त्याच गाभाऱ्यात, त्याच समईच्या उजेडात, आम्हांस देवीच्या शालूच्या निऱ्या मोजता येत असत. देव तोच, उजेड तोच, आजींचे डोळे कदाचित आमच्याहून चांगले. मग एकास दिसावे आणि दुसऱ्यास दिसू नये, हे काय?

याचे उत्तर देवाकडे नसून डोळ्याकडे आहे. डोळ्याच्या मागील पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे ६० लाख. त्या रंग ओळखतात, परंतु त्यांस भरपूर उजेड लागतो. दंडाच्या आकाराच्या पेशी सुमारे १२ कोटी. त्यांस रंग कळत नाही, पण अगदी मंद प्रकाशातही त्या काम करतात. प्रखर उन्हात या दंडपेशींतील रंगद्रव्य विरून जाते आणि ते पुन्हा पुरते साठण्यास जवळजवळ अर्धा तास लागतो. पुजारी तो अर्धा तास आत घालवून बसलेला असतो. आजींनी सभामंडपात थोडा वेळ जप करीत बसून मग पाहिले असते, तर दर्शन खचित झाले असते.

काकडआरतीच्या वेळी परडीकडे पाहावे. पहाटेच्या अंधुक प्रकाशात तांबडी जास्वंद काळपट दिसते आणि निळी गोकर्ण तिच्याहून उजळ. सूर्य वर आला म्हणजे जास्वंद पेटते, गोकर्ण मागे पडते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बोहेमिया देशातील पुर्किन्ये नामक शास्त्रज्ञाने हा फेरफार प्रथम नोंदविला. त्याचेही लक्ष पहाटेच्या फुलांकडेच गेले होते असे सांगतात. डोळा दंडपेशींवरून शंकुपेशींवर येतो, तसे निळ्याचे राज्य जाऊन तांबड्याचे येते. फूल मात्र बदललेले नसते.

तेव्हा इंद्रिय म्हणजे उघडी खिडकी आणि बाहेरचे जग जसेच्या तसे तीतून आत येते, ही आपली नेहमीची समजूत तपासून पाहिली पाहिजे. या लेखात आम्ही तेच करू इच्छितो. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपुढे गेलेले नाही. जे वाचले आणि जे स्वतः पाहिले तेवढेच येथे मांडतो.

आपल्या परंपरेत इंद्रियांविषयी पुष्कळ सांगितलेले आहे. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी हा सारथी असे रूपक येते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले. त्यांत दिव्यावर झेप घेणारा पतंग, स्पर्शाने फसलेला हत्ती, गाण्याने भुललेले हरिण आणि गळाच्या आमिषास लागलेला मासा हे एकेका इंद्रियापायी नाश पावतात. एकनाथमहाराजांनी याच स्कंधावरील आपली टीका १५७३ साली वाराणसीस पूर्ण केली, आणि तेव्हापासून कीर्तनांतून ही उदाहरणे घरोघर पोहोचली. परंतु या सर्व ठिकाणी उपदेश आहे तो इंद्रियांच्या निग्रहाचा. घोडा आवरावा कसा, हे आम्ही हजार वेळा ऐकले. शिंगराचा घोडा होतो कसा, हे कोणी सांगितले नाही. न्यायशास्त्राने मात्र एक सूक्ष्म भेद करून ठेवला आहे. वस्तूशी इंद्रियाचा संबंध येताच जे नुसते "काहीतरी आहे" असे भान होते ते निर्विकल्पक प्रत्यक्ष, आणि "ही गाय आहे" असे जे नामरूपासह ज्ञान होते ते सविकल्पक प्रत्यक्ष. या दोहोंमधील अंतर किती मोठे आहे, आणि ते कशाने ओलांडले जाते, हाच आमचा विषय होय.

हा प्रश्न युरोपात विल्यम मॉलिन्यू या आयरिश गृहस्थाने स्पष्ट शब्दांत विचारला. त्याची स्वतःची पत्नी अंध होती. त्याने तत्त्ववेत्त्या लॉकला पत्राने विचारले, आणि लॉकने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत तो प्रश्न घातला, तो असा: एक मनुष्य जन्मांध आहे, गोल चेंडू आणि चौकोनी ठोकळा हे तो हातांनी चाचपून बिनचूक ओळखतो, आता त्यास एकाएकी दृष्टी आली आणि दोन्ही वस्तू समोर मेजावर ठेवल्या, तर हात न लावता नुसते पाहून गोल कोणता व चौकोनी कोणता हे तो सांगू शकेल काय? वाचकांनी पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबून आपले उत्तर मनाशी ठरवावे. आम्ही प्रथम "का नाही सांगणार?" असेच म्हटले होते. मॉलिन्यू आणि लॉक दोघांचेही उत्तर "नाही" असे होते.

पुढे १७२८ साली लंडनच्या चेसेल्डन या शस्त्रवैद्याने एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे मोतीबिंदू काढल्याची हकीकत प्रसिद्ध केली. मुलास दृष्टी आली, पण जे दिसे ते सारे आपल्या डोळ्यांस चिकटलेले आहे असेच त्यास प्रथम वाटले. घरातील कुत्रे कोणते व मांजर कोणते हे तो पुनःपुन्हा विसरे आणि विचारण्यास लाजे. एके दिवशी त्याने मांजर पकडले, हातांनी चाचपले, हाताला ओळख पटताच तिच्याकडे टक लावून पाहिले आणि आता पुन्हा तुला ओळखीन अशा अर्थाचे काही बोलून तिला सोडून दिले. चित्रे त्यास दोन महिने रंगाचे डाग वाटत होती. चित्रात माणसे आहेत हे उमगल्यावर त्याने हात लावून पाहिला, तो सपाट लागला. तेव्हा डोळा खोटे बोलतो की हात, असे तो विचारू लागला. आमच्या मते हा प्रश्न कोणा पंडिताच्या तोंडी शोभेल असा आहे.

ही एकट्या मुलाची गोष्ट झाली. त्याची दृष्टी पूर्वी अगदीच नव्हती की थोडी होती, त्याची परीक्षा किती काटेकोर झाली, अशा शंका पुढे पुष्कळांनी काढल्या. नीट उत्तर मिळण्यास तीनशे वर्षे लागली आणि ते मिळाले आपल्या दिल्लीत.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील प्राध्यापक पवन सिन्हा हे मूळचे भारतीय. जन्मतः मोतीबिंदू असलेली पुष्कळ मुले आपल्या देशातील खेड्यापाड्यांत उपचाराविना वाढतात, हे पाहून त्यांनी या शतकाच्या आरंभी 'प्रकाश' नावाचा उपक्रम सुरू केला. मुले शोधावयाची, दिल्लीच्या नेत्र-रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावयाची, आणि दृष्टी आल्यावर ते पाहावयास कसे शिकतात याचा अभ्यास करावयाचा, असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे. २०११ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. खेळण्यातील ठोकळ्यांसारख्या निरनिराळ्या आकृती केल्या होत्या. एक आकृती हातात द्यावयाची आणि मग दोन आकृतींतून तीच निवडावयास सांगावयाचे. हाताने चाचपून हातानेच निवडताना मुले क्वचितच चुकली. डोळ्यांनी पाहून डोळ्यांनी निवडतानाही शेकडा नव्वदांवर उत्तरे बरोबर आली. म्हणजे डोळे अधू नव्हते. पण हाताने चाचपलेली आकृती डोळ्यांनी निवडावयास सांगताच बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५८ वर आले. डोळे मिटून कसेही बोट दाखविले तरी ५० येतात! मॉलिन्यूचे "नाही" खरे ठरले.

त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. त्यांपैकी काही मुलांची आठवड्याभराच्या आत पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा त्यांची उत्तरे पुष्कळच सुधारलेली होती. कोणी त्यांस धडे दिले नव्हते. ती जेवली, खेळली, वस्तू उचलून पाहिल्या, आणि हाताने डोळ्यास शिकविले. दुसऱ्या एका प्रयोगात असे दिसले की, नव्याने पाहणाऱ्यांस एकमेकांवर आलेल्या आकृतींचे स्थिर चित्र म्हणजे तुकड्यांची रास भासते, पण त्यांतील एक आकृती हलू लागली की ती सगळी मिळून एक वस्तू आहे हे त्यांस कळते. उभी गाय आणि तिची सावली वेगळी काढता येत नाही. गाय चालू लागली की गाय होते.

सर्वच काही शिकावे लागते असेही नाही. दोन सारख्या रेघा, एकीची टोके आत वळलेली व दुसरीची बाहेर, ही शाळेच्या पुस्तकातील फसवी आकृती पुष्कळांनी पाहिली असेल. एक रेघ लांब वाटते. २०१५ साली अशाच मुलांस दृष्टी येताच ही आकृती दाखविली, तर तीही पहिल्याच दिवसांत आपल्याप्रमाणेच फसली. तेव्हा काही गोष्टी जन्मजात आहेत आणि काही कमावलेल्या. कोणत्या कोणत्या, याचा वाद अजून संपलेला नाही आणि तो इतक्यात संपेल असे आम्हांस वाटत नाही.

पण येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. मांजराच्या पिल्लांवर ह्यूबेल व वीझल यांनी जे प्रयोग केले, आणि ज्यांसाठी त्यांस १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांवरून असे दिसले होते की, बालपणीचा ठरावीक काळ डोळा झाकलेला राहिल्यास मेंदू त्या डोळ्याचे ऐकणे सोडून देतो. यावरून "मूल मोठे झाले, आता शस्त्रक्रिया करून काय उपयोग?" असे म्हणण्याची रीत पडली. दिल्लीच्या मुलांनी ती खोटी पाडली. बारीक अक्षर त्यांस कदाचित कधीच वाचता येणार नाही. परंतु माणसे ओळखणे, रस्त्याने एकट्याने जाणे, वस्तू हुडकणे हे आठव्या, बाराव्या, सतराव्या वर्षीही शिकता आले. अर्थात हे उशीर करण्याचे निमित्त नव्हे. तान्ह्या मुलाच्या बाहुलीत पांढरटपणा दिसला तर पहिल्या काही आठवड्यांतच डॉक्टरांस दाखवावे. तेव्हा जे साधते ते नंतर साधत नाही.

इंद्रिय बदलले की वागणे कसे बदलते, याचे उदाहरण इंग्लंडातील एका गृहस्थाचे आहे. शास्त्रीय वाङ्मयात तो 'एस. बी.' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. दहा महिन्यांचा असताना त्याची दृष्टी गेली आणि बावन्नाव्या वर्षी डोळ्यांवर नवी पारदर्शक पटले बसवून ती परत आली. रिचर्ड ग्रेगरी यांनी त्याची हकीकत १९६३ साली प्रसिद्ध केली. अंधशाळेत कोरीव मोठी अक्षरे बोटांनी शिकलेला असल्यामुळे दृष्टी येताच त्यास ती वाचता आली. लहान लिपीतील अक्षरे, जी बोटांनी कधी शिकला नव्हता, ती वाचता येईनात. त्याने काढलेल्या बसच्या चित्रात हाताला लागलेले भाग ठीक होते, पण जेथे त्याचा हात कधी पोहोचला नव्हता तो पुढचा भाग गाळलेला होता. संग्रहालयात एक लेथयंत्र पाहून त्यास काहीच बोध होईना. पेटी उघडून हात फिरवू दिला, तेव्हा डोळे मिटून त्याने ते सर्व चाचपले, मग मागे सरून डोळे उघडले आणि आता दिसते असे म्हटले.

हाच मनुष्य अंध असताना काठी घेऊन भर रहदारीचा रस्ता निर्भयपणे ओलांडीत असे. दृष्टी आल्यावर मोटारी दिसू लागल्या आणि त्याचे पाय थरथरू लागले. संध्याकाळी तो दिवाही न लावता बसून राही. पूर्वी त्यास धीराचा अंध म्हणून मान होता; आता तो अर्धवट दिसणारा म्हणून केविलवाणा झाला. दोन वर्षांच्या आत तो खिन्न अवस्थेत मरण पावला. दृष्टी देणारे डॉक्टर आपले काम चोख करून गेले होते. पुढे शिकावयाचे कसे आणि त्यास सोबत कोणाची, हे मात्र कोणी पाहिले नव्हते.

शिकण्यात स्वतःच्या हालचालीचे महत्त्व किती, याचा एक प्रयोग आम्हांस फार आवडतो. १९६३ सालीच रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी अंधारात वाढविलेल्या मांजराच्या पिल्लांच्या दहा जोड्या घेतल्या. जत्रेतील चक्रपाळण्यासारखे एक लहान यंत्र केले. एका टोकास जुंपलेले पिल्लू स्वतःच्या पायांनी गोल चाले; दुसऱ्या टोकाच्या टोपलीत बसलेले पिल्लू आपोआप तेवढेच फिरे. रोज तीन तास दोघांस तेच पट्टे, तीच भिंत दिसे. काही दिवसांनी पाहिले, तर चालणारे पिल्लू जमीन जवळ येताच पाय पुढे करी आणि कड्यावरून जपून उतरे. टोपलीतील पिल्लास हे काही येत नव्हते. दोन दिवस मोकळे हुंदडू दिल्यावर तेही शिकले. कडेवर बसून प्रदक्षिणा घालणारे मूल आणि आईचे बोट धरून धडपडत घालणारे मूल यांतही असाच फरक पडत असावा, असे आपले आमचे मत. विशेष हे की, हेच हेल्ड पुढे नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना २०११ च्या त्या दिल्लीच्या प्रयोगात प्रमुख लेखक होते.

हे वाचीत असता आम्हांस सतत आमच्या घरचा वेदपाठ आठवत होता. आम्ही माध्यंदिन शाखेचे. आमच्या पाठात स्वर हातानेही दाखवितात: उदात्त, अनुदात्त, स्वरित यांबरोबर हात वर, खाली, बाजूस जातो. तीर्थरूपांनी आम्हांस शिकविताना चुकलेला स्वर पुष्कळदा कानाने धरण्याआधी आमच्या हातावरून धरला. पदपाठ, मग क्रमपाठ, ज्यात पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे अशी पदांची साखळी जोडतात, मग जटा आणि घन, ज्यांत पदे उलटसुलट फिरवितात. कान ऐकतो, जीभ म्हणते, हात दाखवितो, आणि एकाची चूक दुसरा पकडतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शुक्लयजुर्वेद मुखोद्गत असलेल्या एकवीस पंडितांच्या मेंदूंची चित्रे घेऊन तेवढ्याच इतर लोकांशी ताडून पाहिली, तेव्हा भाषा व स्मरण यांच्याशी निगडित कित्येक भाग पंडितांत अधिक जाड वा मोठे आढळले. पाठाने मेंदू असा झाला, की असा मेंदू असणारेच पाठात टिकले, हे अशा एका अभ्यासावरून ठरत नाही. म्हणून आमच्या काही ज्येष्ठांप्रमाणे त्यावरून विजयाचा डंका पिटण्याची घाई आम्ही करणार नाही.

नाकाविषयी थोडे. पुजाऱ्यास गाभाऱ्यातील धूपाचा वास येत नाही, हे बाहेरच्यास खरे वाटत नाही. पण एकच वास चालू राहिला की नाक काही मिनिटांत त्याची वर्दी देणे सोडते; नवा वास मात्र लगेच कळतो. कापूर रोजचा म्हणून विसरावा आणि वस्त्राचा कोपरा जळू लागला तर तात्काळ कळावे, अशी ही योजना आहे. २०२१ साली करोनाच्या आजारात आमच्या तीर्थरूपांचे घ्राणेंद्रिय चार महिने गेले होते. रोज सकाळी निरांजनात घालण्यापूर्वी तुपाची वाटी ते आमच्यापुढे धरीत आणि "खवट नाही ना रे?" असे विचारीत. जेवणात त्यांस गोड, खारट, आंबट, कडू एवढेच कळे. आमटी आणि सार यांत भेद उरला नव्हता. वरणास तिखट लागते म्हणत, पण तिखट ही मुळी चव नव्हेच. मिरचीतील द्रव्य जिभेवरील उष्णता जाणणाऱ्या ग्राहकांस चेतविते. ते ग्राहक १९९७ साली सापडले आणि त्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांस २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. आपण ज्यास चव म्हणतो तिचा मोठा भाग वास असतो. नाक चिमटीत धरून वेलदोडा चावून पाहावा. वास गेला तसे तीर्थरूपांचे खाणे घटले, बोलणेही घटले. नैवेद्य झाल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी क्षणभर थांबण्याची त्यांची सवय होती, ती बंद पडली. वास परत आल्यावर ती आपोआप सुरू झाली.

आता आमच्या स्वतःविषयी. पाचवी-सहावीत आम्ही वर्गातील मठ्ठ मुलगा होतो. फळ्यावरील गणित उतरवून घेताना आकडे चुकत, नकाशात नद्या सापडत नसत, चेंडू अंगावर आल्यावरच कळे, म्हणून कोणी खेळावयास घेत नसे. एका शिक्षकांनी "भटाचं पोर, घोकंपट्टीपलीकडे काय येणार?" असे भर वर्गात म्हटले. आम्ही मागच्या बाकावर बसू लागलो, कारण तेथे कोणी प्रश्न विचारीत नसे. घरी मात्र पोथी मांडीवर घेऊन अध्यायामागून अध्याय आम्ही न अडखळता वाचीत होतो. हे दोन मुलगे एकच कसे, हे कोणास विचारावेसे वाटले नाही. आम्हांसही वाटले नाही. इतरांस फळा दिसतो हे आम्हांस माहीतच नव्हते! सर्वांस तो असाच धूसर दिसतो आणि बाकीचे हुशार असल्यामुळे ओळखतात, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

अकराव्या वर्षी मामांनी आपल्याबरोबर चष्म्याच्या दुकानात नेले, ते स्वतःचा चष्मा दुरुस्त करावयास. तेथे गंमत म्हणून आमचे डोळे तपासले. उणे साडेतीन. म्हणजे आमच्या डोळ्यांस सुमारे २९ सेंटीमीटरपर्यंतचे जग स्पष्ट होते, वीतभर आणि चार बोटे. पोथी त्या जगात होती, फळा नव्हता. चष्मा लावून देवळात आलो तेव्हा पारावरच्या पिंपळास सुटी सुटी पाने आहेत आणि ती हलतात, हे आम्ही प्रथम पाहिले. तोवर पिंपळ म्हणजे सळसळणारा एक हिरवा ढग होता. गणित काही त्या दिवसापासून येऊ लागले नाही. दोन वर्षे मागे पडलेले कोण भरून देणार? मागच्या बाकाची सवयही चष्म्याने गेली नाही. लोकांत मागे उभे राहण्याची खोड आजही आहे.

एवढे सोसलेल्या मनुष्याने दुसऱ्याच्या बाबतीत तरी सावध असावे. आम्ही नव्हतो. सभामंडपात रविवारी मुलांचा स्तोत्रपाठाचा वर्ग असतो. तो गेली दोन वर्षे आमच्याकडे आहे. गेल्या वर्षी त्यात सात वर्षांची एक मुलगी आली. हाक मारली तर ओ देईना, दुसऱ्या मुलांकडे पाहून मागून ओठ हलवी, शब्दांची शेवटची अक्षरे गाळी. दोन-तीनदा सांगून झाल्यावर आम्ही तिला "लक्ष नसेल तर घरी बस" असे सर्वांदेखत बोललो. ती रडली नाही. पुढच्या रविवारी येऊन मागे, खांबाआड बसली. तो खांब पाहून आमच्या पोटात धस्स झाले.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर आम्ही तिच्या पाठीमागे चार हातांवर उभे राहून हळू आवाजात तिचे नाव घेतले. तिने वळून पाहिले नाही. समोर येऊन तसेच हळू नाव घेतले, तर ती हसली. ती आमचे ओठ वाचीत होती. तिच्या आईस विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "टीव्ही मोठ्याने लावते म्हणून मीच रोज रागावते हो तिला." कानाच्या डॉक्टरांनी सांगितले की, वारंवार सर्दी होऊन दोन्ही कानांत पडद्यामागे चिकट पाणी साचले आहे, कानांत बोटे घालून ऐकावे तसे तिला ऐकू येते. पुष्कळदा असे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरते, म्हणून वाट पाहिली. ओसरले नाही, तेव्हा पडद्यात बारीक नळ्या बसविल्या.

ज्या पालकांस घरीच अंदाज घ्यावयाचा असेल त्यांनी एवढे करून पाहावे. मुलाचा एकेक डोळा तळहाताने झाकून वीस फुटांवरील दिनदर्शिकेचे मोठे आकडे वाचावयास सांगावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारल्यास एका डोळ्याचा दोष लपतो, आणि तो डोळा वापराविना आळशी पडतो. चांगला डोळा काही काळ झाकून आळशी डोळ्यास काम लावण्याचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो. कानासाठी पाठीमागून कुजबुजावे. हे निदान नव्हे. शंका आली तर डॉक्टरांकडे जाण्याचे निमित्त होय. सरकारी शाळांतून व अंगणवाड्यांतून २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते, तीही चुकवू नये.

नळ्या बसविल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी ती मुलगी पुढच्या ओळीत येऊन बसली होती. स्तोत्र चालू असता मध्येच तिने मान वर केली आणि विचारले, "दादा, हे काय वाजतंय?" आम्हांस काहीच वाजताना ऐकू येईना. मुलांस गप्प करून ऐकले. सभामंडपातील मोठ्या घंटेची साखळी वाऱ्याने हलत होती आणि तिच्या कड्या एकमेकींवर घासत होत्या. आम्ही साखळीकडे बोट दाखविले. ती उठली, घंटेखाली जाऊन उभी राहिली, आणि साखळीला हात लावून तिने आवाज थांबविला, मग सोडून पुन्हा चालू केला.